पिठाचा कोंबडा आणि मोबाइलमधलं राज्य



आज जरा कडक लिहिणार आहे. पटलं नाही तर माझ्याशी भांडा, पण शेवटपर्यंत वाचा.

मुलांच्या ताटाकडे आपल्या घरांत जेवढं बारीक लक्ष असतं, तेवढं क्वचितच कुठे असेल. बिस्किटाचा पुडा उलटा करून आपण त्यावरची बारीक अक्षरं वाचतो. हिरवा ठिपका दिसला तरी आपलं समाधान होत नाही, कांद्या-लसणाची पूड आहे का ते बघतो. मूल मित्राच्या वाढदिवसाला निघालं की त्याच्या आईला फोन करून काय काय केलंय ते विचारतो, आणि दिवस मावळायच्या आत त्याला जेवायला वाढा म्हणून हक्काने सांगतो. पण तेच मूल घरी आल्यावर दोन तास मोबाइलमध्ये डोकं घालून कुणाचं गाव लुटतंय, हे आपल्याला ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी आपण म्हणतो, ‘गेम आहे गं नुसता.’

या ‘नुसता’ शब्दाशीच माझं भांडण आहे.

मी बोलतेय ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’बद्दल. राज्य उभारण्याचे असे खेळ पुष्कळ आहेत, पण आपल्या मुलांच्या तोंडी हे नाव सगळ्यात जास्त ऐकू येतं. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या ‘सुपरसेल’ कंपनीने तो २०१२ साली आयफोनसाठी काढला आणि २०१३ साली अँड्रॉइडवर आणला. नावं ठेवायची तर नीट माहिती करून घेऊन ठेवावीत, म्हणून मी माझ्या भाच्याशेजारी बरेच दिवस बसून हा खेळ समजून घेतला. त्याने मोठ्या हौसेने सगळं दाखवलं.

दिसायला खेळ गोंडस आहे. हिरवंगार माळरान, छोटी छोटी घरं, पिवळ्या मिशांचा रानटी शिपाई, गुलाबी केसांची तिरंदाज. रक्ताचा एक थेंब दिसत नाही. मूल आपलं गाव वसवतं. सोन्याची खाण आणि एलिक्सिर नावाच्या गुलाबी रसाचं यंत्र बसवतं, कोठारं बांधतं, भोवती तटबंदी घालतं, तोफा ठेवतं. इथपर्यंत पाहिलं तर कुठलीही आई म्हणेल, की किती छान, मुलगा नियोजन शिकतोय.

पण खाणीतून येणारं सोनं पुढच्या बांधकामाला पुरत नाही. ते पुरू नये अशीच खेळाची आखणी आहे. मग मूल ‘अटॅक’चं बटण दाबतं. पडद्यावर एका अनोळखी माणसाचं गाव येतं. हे गाव खरंच कुणीतरी वसवलेलं असतं, कदाचित दुसऱ्या देशातल्या तेवढ्याच वयाच्या मुलाने. कोपऱ्यात आकडे दिसतात, की या गावातून इतकं सोनं आणि इतकं एलिक्सिर लुटता येईल. आकडा मनासारखा नसला तर ‘नेक्स्ट’ दाबायचं, की दुसरं गाव. तेही नको वाटलं तर तिसरं. भरलेलं कोठार दिसलं की सैन्य सोडायचं. तीन मिनिटांत जमेल तेवढं पाडायचं, लुटायचं आणि परत यायचं. जो खेळाडू खेळ सोडून गेलाय, ज्याच्या गावाला वाली उरलेला नाही, अशा गावाला मुलं ‘डेड बेस’ म्हणतात. ते सापडलं की त्यांना कोण आनंद होतो, कारण खाणी भरलेल्या असतात आणि राखणारं कुणी नसतं.

आता पाठशाळेत शिकलेले हिंसेचे चार प्रकार आठवा. चूल, झाडू, दळण-कांडण यांत घडते ती आरंभी. शेती-व्यापारात घडते ती उद्योगी. आपल्या माणसांचं, धर्माचं, देशाचं रक्षण करताना घडते ती विरोधी. आणि मारायचंच असं मनाशी ठरवून केलेली ती संकल्पी. पहिल्या तिन्ही गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाहीत, त्या कमी करत जायच्या. चौथी मात्र श्रावकाने सोडायचीच, तिथे सवलत नाही.

या कसोटीला खेळ लावून बघा. गाव वसवणं आरंभी-उद्योगीत बसेल. तट आणि तोफा विरोधीत बसतील. पण समोरच्याने माझं काही बिघडवलेलं नाही, त्याचं नावही मला माहीत नाही, फक्त त्याचं कोठार भरलंय म्हणून मी त्याच्यावर चालून जातो, ही शुद्ध संकल्पी आहे. वर अदत्तादान आहेच, म्हणजे न दिलेलं घेणं. दोन अणुव्रतं एका बटणात मोडतात, आणि हे बटण दाबल्याशिवाय खेळ फारसा पुढे सरकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ‘अगं, पण खरं कोण मरतंय? ती चित्रं आहेत.’

हा प्रश्न आपल्या धर्माला नवा नाही. हजार वर्षांपूर्वी त्याचं उत्तर देऊन झालंय. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये पुरा केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’मध्ये यशोधर राजाची कथा आहे, आणि आपल्यापैकी अनेकींनी ती आजीकडून ऐकलेली असेल. राजाला वाईट स्वप्न पडतं. त्याची आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे, म्हणजे अरिष्ट टळेल. राजा जीवहत्येला तयार होत नाही. आई हट्ट सोडत नाही. शेवटी मधला मार्ग निघतो, की पिठाचा कोंबडा करायचा आणि त्याचा बळी द्यायचा. त्यात जीव नाही, रक्त नाही, कुणाला वेदना नाहीत. राजा पिठाच्या कोंबड्यावर शस्त्र चालवतो. आणि त्या एका कृतीपायी आई आणि मुलगा दोघांनाही मोर, कुत्रा अशा तिर्यंच योनींत जन्मामागून जन्म घ्यावे लागतात, आणि पुन्हा पुन्हा मारलं जावं लागतं.

कोंबडा पिठाचा होता, पण मारण्याचा भाव खरा होता. द्रव्यहिंसा घडली नाही तरी भावहिंसा घडली. मैत्रिणींनो, जो धर्म पिठाच्या कोंबड्याला ‘नुसतं पीठ’ म्हणत नाही, त्या धर्माच्या आयांनी मोबाइलमधल्या गावाला ‘नुसता गेम’ म्हणावं? मूल पापी झालं असं मी अजिबात म्हणत नाही. त्याला तर कुणी काही सांगितलेलंच नाही. आणि कथेत कोंबड्याचा तोडगा कुणी सुचवला ते विसरू नका. तो आईने सुचवला होता.

अनर्थदंडाच्या प्रकारांत ‘हिंसादान’ नावाचा एक प्रकार आहे. कुऱ्हाड, तलवार, आग, साखळदंड अशी हिंसेची साधनं विनाकारण दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे हिंसादान. आपण स्वतः वार केला नाही तरी दोष लागतो तो देण्याचा. मूल गप्प बसावं, पाहुण्यांसमोर गडबड करू नये, म्हणून मोबाइल कोण पुढे करतं? याचं उत्तर ज्या त्या घराने आपलं आपण द्यावं.

कुणी म्हणेल, ही फार ताणलेली गोष्ट झाली. मग रौद्रध्यान घेऊ. त्याचे चार प्रकार आपल्याकडे सांगितले आहेत: हिंसेत आनंद, असत्यात आनंद, चोरीत आनंद आणि जमवलेलं राखण्यात आनंद. असत्याचा या खेळाशी संबंध नाही म्हणून तो वगळा. राहिलेले तीन म्हणजे हल्ला, लूट आणि कोठाराची राखण. या खेळाचे तीन खांब नेमके हेच आहेत. ध्यान म्हणजे चित्त एका ठिकाणी लावणं. सामायिकाला पाच मिनिटं बसवलं तर ज्या मुलाला खाज सुटते, ते मूल तिथे दोन तास डोळ्याची पापणी न लववता बसतं. त्याला ध्यान जमत नाही असं आपण म्हणतो. जमतंय की! फक्त कशाचं ते बघा.

आणखी एक बटण भाच्याने दाखवलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही खेळत नसताना कुणीतरी तुमचं गाव लुटून जातं. परत आलात की खेळ यादी दाखवतो, की अमक्याने हल्ला केला, एवढं नेलं. आणि त्याच्या नावासमोर बटण असतं, ‘रिव्हेंज’. बदला. दरवर्षी भाद्रपदात दशलक्षणाचा पहिला दिवस आपण उत्तम क्षमेचा पाळतो. कुणी ‘उत्तम क्षमा’ म्हणतं, कुणी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतं, आणि मुलाला आजी-आजोबांच्या पाया पडून क्षमा मागायला लावतो. क्षमा हा वर्षातून एकदा म्हणायचा शब्द, आणि बदला हा रोज दाबायचा. मुलाच्या बोटांना कशाची सवय लागेल, हे सांगायला पंडितजी कशाला हवेत?

आता पैशाचं बोलू, कारण तिथे आपल्या घरातले पुरुषही कान देतील.

हा खेळ फुकट मिळतो. पण सुरुवातीला काही सेकंदांत होणारं बांधकाम पुढे तासांवर जातं, मग दिवसांवर. वाट बघायची नसेल तर हिरवी रत्नं खर्च करायची. थोडी रत्नं खेळात मिळतात, पटकन हवी असतील तर खऱ्या पैशाने घ्यावी लागतात. म्हणजे दुकान मांडलंय ते मुलाच्या अधीरतेवर. आधी हाव निर्माण करायची, मग तिच्या आड वेळेची भिंत घालायची, आणि भिंतीत पैशाचा दरवाजा ठेवायचा. २०१६ मध्ये चीनच्या ‘टेन्सेंट’च्या पुढाकाराने एका गटाने ‘सुपरसेल’चा सुमारे ८४ टक्के हिस्सा घेतला, तो ८.६ अब्ज डॉलरना. फुकट खेळ देणाऱ्या कंपनीला एवढी किंमत का आली असेल? आपण व्यापारी समाजाच्या बायका. गिऱ्हाईक कोण आणि माल कोण, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि हे राज्य कधी पुरं होत नाही. मुख्य घर वाढवलं की बाकीचं सगळं पुन्हा तोकडं वाटू लागतं. शेवट गाठणारे खेळाडू असतात, पण त्यांच्यासाठी कंपनी पुढची पायरी आणते. परिग्रह-परिमाण म्हणजे ‘इतकं पुरे’ असं आपल्याच तोंडाने म्हणणं. या खेळात ‘पुरे’ हा शब्दच नाही.

आदिपुराणातला भरत चक्रवर्ती आठवा. सहा खंड जिंकून तो आपलं नाव कोरायला वृषभाचल पर्वतावर गेला. आपण पहिलेच, असं त्याला वाटत होतं. पाहतो तर आधीच्या चक्रवर्तींच्या नावांनी सगळा पर्वत भरलेला, एक बोट ठेवायला जागा नाही. शेवटी एकाचं नाव पुसून त्याला स्वतःचं नाव लिहावं लागलं. तेव्हा त्याला उमगलं, की माझंही नाव असंच कुणीतरी पुसणार. खेळातली ती ट्रॉफ्यांची यादी म्हणजे वृषभाचलच आहे. फरक इतकाच, की भरताचा गर्व तिथे उतरला. आपल्या मुलाला मात्र तिथे पुढचा हल्ला सुचतो.

आता तुमच्या मनातल्या शंका. मी त्या टाळणार नाही.

‘बुद्धिबळातही राजा मारतात, मग तेही बंद करायचं का?’ नाही. बुद्धिबळाचा डाव संपतो. दोघांची सोंगटी सारखी, दोघं समोरासमोर, दोघांच्या संमतीने. डाव संपल्यावर दोघांची सोंगटी एकाच डब्यात जाते. कुणी कुणाचं काही घरी नेत नाही, आणि रात्री झोपेत कुणी येऊन तुमचा घोडा पळवत नाही.

‘दिवाळीत मुलं किल्ला करतात, तेही राज्यच ना?’ हो, आणि मला तो फार आवडतो. माती कालवायची, अळीव पेरायचे, भावंडांनी मिळून बुरूज रचायचे, मावळे मांडायचे. गुडघे मातीने भरतात, चार दिवस शेजारपाजारचे बघायला येतात, मग किल्ला मोडतो आणि माती बागेत जाते. आपला किल्ला मोठा व्हावा म्हणून कुणी शेजाऱ्याचा पाडत नाही. राज्य वसवण्याच्या हौसेला माझा विरोध नाही. आपले तीर्थंकर राजघराण्यांतले होते. शांतिनाथ, कुंथुनाथ, अरनाथ हे तर तीर्थंकर असून चक्रवर्तीही होते. राज्य असणं आणि लूट हाच राज्याचा पाया असणं, यात फरक आहे.

‘पण यात मुलं नियोजन शिकतात, एकमेकांना मदत करतात.’ खरं आहे. भाचा आपल्या क्लॅनमधल्या मित्रांना सैन्य देतो. सोनं कशावर आधी घालायचं याचा हिशेब तो असा मांडतो, की त्याच्या बाबांनी तोंडात बोट घालावं. हे गुण खोटे नाहीत. पण नियोजन ही सुरी आहे. तिने भाजीही चिरता येते. कशासाठी नियोजन, हे खेळाने ठरवून टाकलेलं आहे आणि आपण ते विचारलेलंच नाही.

‘सगळी मुलं खेळतात, आपलंच एकटं पडेल.’ ही शंका सगळ्यात खरी आहे, आणि ती आईच्या काळजातून येते. म्हणून विचारते, आपलं मूल एकटं पडेल या भीतीने आपण त्याला कांदा खायला दिला का? शाळेच्या सहलीला त्याचा डबा वेगळा असतो, मित्र विचारतात, मूल हसत सांगतं, ‘आमच्यात नाही चालत.’ ते एकटं पडत नाही. वेगळं राहूनही माणसांत मिसळता येतं, हे आपण त्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षीच शिकवलंय. मग इथेच आपली जीभ का अडखळते? कारण मनातून आपल्याला हा धर्माचा विषय वाटतच नाही. आपला धर्म स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबलाय. दुखणं तेच आहे, खेळ फक्त निमित्त.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे मोबाइल हिसकावू नका. आरडाओरडा करून घेतलेला मोबाइल म्हणजे आपणच केलेला हल्ला झाला, आणि मूल बदल्याचं बटण शोधू लागेल.

दुसरं, शेजारी बसा. ‘तुझं गाव दाखव’ म्हणा. दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर स्वतः देऊ नका. ‘याच्यावर तू हल्ला का केलास? त्याने तुझं काय केलं होतं?’ हा एक. ‘किती सोनं झालं की तुझं पुरं होईल?’ हा दुसरा. भाच्याला पहिला प्रश्न विचारला तेव्हा तो हसला. दुसऱ्याला बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘मावशी, असं नसतं.’ असं नसतं, हेच तर त्याला कळायला हवं होतं.

तिसरं, वय. खेळणाऱ्याचं वय किमान तेरा हवं, असं कंपनीनेच आपल्या अटींत लिहिलेलं होतं. विकणाराच जिथे मर्यादा घालतो, तिथे आपण तिसरी-चौथीच्या मुलाला हा खेळ उतरवून देऊ नये. देऊच नये, यात मधला मार्ग नाही. पिठाच्या कोंबड्याचा मधला मार्ग कुठे गेला ते आपण पाहिलं.

चौथं, पैसे. फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय असते. ती आजच चालू करा, आणि पासवर्ड मुलाच्या वाढदिवसाची तारीख ठेवू नका.

पाचवं, मोठ्या मुलांसाठी परिमाण. तेरा-चौदाच्या पुढचं मूल ऐकणार नसेल तर त्याच्याशी बसून मर्यादा ठरवा: दिवसाला किती वेळ, किती वाजल्यानंतर नाही, खरे पैसे कधीच नाहीत. ती त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावी, कारण लादलेली मर्यादा म्हणजे व्रत नव्हे. आणि घरातल्या मोठ्यांच्या मोबाइललाही त्याच दिवसापासून मर्यादा लागावी.

शेवटचं, रिकाम्या हाताला काहीतरी द्या. बुद्धिबळाचा पट आणा. सापशिडीचा आपला जुना अवतार, ज्ञानबाजी, घरी कागदावर काढा. कुठल्या गुणाने शिडी चढायची आणि कुठल्या दोषाने साप गिळतो, हे घर भरून चर्चा करून ठरवा. पावसाळ्यातला एक अख्खा रविवार त्यात जातो.

चातुर्मास आला की आपण नियम घेतो. कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी गोड. या वर्षी मुलांसाठी एक नियम घ्या: ज्याने आपलं काही बिघडवलेलं नाही त्याच्यावर हल्ला नाही, खेळातही नाही. हा नियम पाळून तो खेळ फार दिवस खेळता येणार नाही. मुलाला ते आपलं आपणच कळेल, आणि तसं कळलेलं फार काळ टिकतं.